चालू प्रोग्रॅमचं प्रोसेस नाव सुरक्षितपणे बदलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नाशिकमध्ये लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशीनचा डेटा गोळा करणारे छोटे बॉक्स असोत किंवा बाजार समित्यांचे भाव दाखवणारी वेबसाइट, अडचण सगळीकडे एकच येते: एकाच प्रोग्रॅमच्या दहा प्रती चालू असतात आणि यादीत दहाही ओळी सारख्याच दिसतात. उदाहरणासाठी कांद्याचे भाव आणणारा एक पायथन प्रोग्रॅम धरला आहे. त्याचा एक वर्कर लासलगावसाठी, एक पिंपळगावसाठी, एक येवल्यासाठी, अशी मांडणी. कमांड आणि फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना रोमन अक्षरांत करा.

नाव बदलून नेमकं काय साधतं?

रात्री सर्व्हरची मेमरी भरली आणि 'टॉप' (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) उघडलं, की 'पायथन3' नावाच्या दहा ओळी दिसतात. त्यातली कुठली मेमरी खातेय ते दिसतं, पण ती कोणत्या बाजार समितीचं काम करतेय ते कळत नाही. नाव नीट दिलेलं असेल तर एका नजरेत कळतं. पोस्टग्रेस हेच करतो. त्याच्या प्रत्येक प्रोसेसच्या ओळीत युजर, डेटाबेस आणि सध्या चाललेलं काम दिसतं. एनजिनएक्स 'मास्टर प्रोसेस' आणि 'वर्कर प्रोसेस' असं लिहितो, तर एसएसएचडी लॉगिन केलेल्या युजरचं नाव दाखवतो.

हे नाव माणसाला वाचण्यासाठी असतं. दारावरची पाटी बदलली म्हणून सातबारा बदलत नाही. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लेखी प्रोसेसची ओळख म्हणजे तिचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), तिची एक्झिक्युटेबल फाइल, तिचा युजर आणि तिचा सीग्रुप (ती ज्या गटात मोडते तो). खालची बरीच उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

'पीएस -ई' एक नाव दाखवतं आणि 'पीएस -ईएफ' दुसरंच. खरं कोणतं?

दोन्ही खरी आहेत, कारण लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला दोन नावं असतात.

पहिलं छोटं नाव, म्हणजे 'कॉम'. ते कर्नलच्या स्वतःच्या नोंदीत असतं आणि '/प्रोक/पीआयडी/कॉम' या फाइलमध्ये दिसतं. 'पीएस -ई', 'पीएसट्री', साधा 'टॉप', 'पीग्रेप' आणि 'किलऑल' हे नाव वापरतात. मेमरी संपल्यावर कर्नल एखादी प्रोसेस मारतो, तेव्हा लॉगमध्येही हेच येतं.

दुसरं म्हणजे पूर्ण कमांड लाइन, '/प्रोक/पीआयडी/सीएमडीलाइन'. ती कर्नलच्या नोंदीत वेगळी साठवलेली नसते. वाचायला कोणी आलं की कर्नल त्या प्रोसेसच्याच मेमरीत जाऊन 'आर्गव्ही'ची, म्हणजे सुरू करताना दिलेल्या नावाची आणि आर्ग्युमेंटची, जागा वाचतो. 'पीएस -ईएफ', 'पीएस ऑक्स' आणि 'एचटॉप' हे दाखवतात. 'टॉप'मध्ये 'सी' हे बटण दाबलं की एका नावावरून दुसऱ्यावर जाता येतं.

'मी नाव बदललं पण बदललंच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं: एक नाव बदललेलं असतं आणि दुसरं पाहिलं जात असतं.

छोट्या नावाची मर्यादा किती?

शेवटच्या शून्य बाइटसह 16 बाइट, म्हणजे हाती 15. 'पीआरसीटीएल'ला (छोटं नाव बदलणारी कर्नलची कॉल) त्याहून लांब नाव दिलं तर ते एरर न देता मुकाट्याने कापतं.

रोमन अक्षरांत 'भाव-पिंपळगाव' असं नाव लिहिलं तर बी-एच-ए-व्ही ही चार अक्षरं, एक आडवी रेघ आणि पिंपळगावची दहा, असे बरोबर 15 होतात. ते बसतं. पण त्या बाजाराला दोन वर्कर लागले आणि शेवटी '-2' जोडलं, की ते दोन बाइट गळून पडतात आणि दोन्ही वर्कर पुन्हा सारखे दिसतात. म्हणून वेगळं करणारा भाग नेहमी पुढे घ्या: '2-पिंपळगाव'. 'नाशिक-प्रॉडक्शन-सर्व्हर-' अशी लांब सुरुवात करणाऱ्यांचं नाव मुद्द्यावर येण्याआधीच संपतं.

नाव मराठीत देता येईल का?

येईल, कर्नलला अक्षरांशी देणंघेणं नाही. पण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. म्हणजे 15 बाइटमध्ये फक्त पाच चिन्हं.

'नाशिक' हे न, काना, श, वेलांटी, क असं पाच चिन्हांचं आहे, ते काठोकाठ बसतं. 'येवला', 'निफाड' आणि 'मनमाड'ही बसतात. 'लासलगाव'चं मात्र 'लासलग' होतं आणि 'पिंपळगाव'चं 'पिंपळ'. खरा घोटाळा मराठी आणि रोमन चिन्हं मिसळली की होतो. 'दर-नाशिक'मध्ये द आणि र यांचे 6, आडव्या रेघेचा 1, न आणि काना मिळून आणखी 6, असे 13 होतात. उरलेल्या 2 बाइटमध्ये 'श' अर्धवट कापला जातो. ते तुकडे वैध यूटीएफ-8 नसल्यामुळे तुमची मॉनिटरिंग स्क्रिप्ट ती ओळ वाचताना अडखळू शकते. पायथनमध्ये कडक डिकोडिंग असेल तर थेट एरर येते.

आमचा सल्ला असा: छोटं नाव रोमनमध्ये ठेवा. लांब शीर्षक (पूर्ण कमांड लाइनच्या जागी दिसणारं) हवं तर मराठीत द्या, तिथे जागा जास्त असते. ज्या टर्मिनलचं लोकेल यूटीएफ-8 नाही, तिथे ते प्रश्नचिन्हांत दिसेल हे धरून चाला.

सी प्रोग्रॅममधून छोटं नाव कसं बदलायचं?

'पीआरसीटीएल'ला 'पीआर_सेट_नेम' आणि नावाचा पॉइंटर द्या, एवढंच. हा पर्याय लिनक्स 2.6.9 पासून आहे आणि त्याला कोणतीही खास परवानगी लागत नाही. मेमरीची उलथापालथ होत नाही, म्हणून हा सगळ्यात निर्धोक मार्ग.

एक गोष्ट लक्षात ठेवा: तो फक्त हाक मारणाऱ्या थ्रेडचं (प्रोसेसच्या आत चालणाऱ्या एका धाग्याचं) नाव बदलतो. मुख्य थ्रेड सोडून दुसऱ्या थ्रेडमधून बोलावला तर 'पीएस'च्या साध्या यादीत काहीच फरक दिसणार नाही. बदल 'पीएस -ईएलएफ'सारख्या थ्रेडवार यादीत किंवा 'टॉप -एच'मध्ये शोधावा लागेल. कुठल्याही थ्रेडमधून मुख्य नाव बदलायचं असेल तर '/प्रोक/सेल्फ/कॉम' या फाइलमध्ये लिहा, ही सोय 2.6.33 पासून आहे. 'पीथ्रेड_सेटनेम_एनपी' वापरत असाल तर ते लांब नाव कापत नाही, 'ईरेंज' ही एरर परत देतं आणि नाव जुनंच राहतं. परतीची किंमत तपासली नाही तर हे कळतही नाही.

लांब शीर्षक कसं बदलायचं? थेट 'आर्गव्ही[0]'वर लिहिलं तर?

इथे सर्वाधिक प्रोग्रॅम कोसळतात, म्हणून जरा सविस्तर.

प्रोग्रॅम सुरू होताना कर्नल स्टॅकच्या वरच्या टोकाला आधी सगळे आर्ग्युमेंट एकाला एक चिकटून ठेवतो, प्रत्येकाच्या शेवटी एक शून्य बाइट. त्यांना लागूनच एन्व्हायर्नमेंटच्या ओळी येतात, 'पाथ=', 'होम=' वगैरे. 'आर्गव्ही[0]'ची जागा मूळ नावाइतकीच असते. त्यावर लांब शीर्षक 'स्ट्रकॉपी'ने ओतलं की ते आधी पुढच्या आर्ग्युमेंटवर आणि मग एन्व्हायर्नमेंटवर चढतं. प्रोग्रॅम लगेच पडत नाही. तासाभराने कोणीतरी 'गेटएन्व्ह'ने डेटाबेसचा पत्ता विचारतं आणि त्याला 'पळगाव वर्कर चालू'सारखा तुकडा मिळतो.

सुरक्षित क्रम असा:

1. 'मेन'च्या अगदी सुरुवातीला, एकही थ्रेड सुरू होण्याआधी, 'आर्गव्ही[0]'पासून चालत प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला खरंच चिकटून आहे का ते तपासा. मग त्याच रीतीने एन्व्हायर्नमेंटमधून पुढे जा. जिथे सलगता तुटते तिथे थांबा. हाती आलेली लांबी हीच तुमची जागा.
2. एन्व्हायर्नमेंटची प्रत्येक ओळ 'स्ट्रडप'ने हीपवर (प्रोग्रॅमने मागून घेतलेल्या मेमरीत) हलवा, नवा पॉइंटर-अ‍ॅरे बनवा आणि 'एन्व्हायरन' त्याकडे वळवा. एक जरी 'स्ट्रडप' फसला तरी काहीही न बदलता परत फिरा. शीर्षक बदललं नाही तर काही बिघडत नाही, पण अर्धवट हललेलं एन्व्हायर्नमेंट महागात पडतं.
3. पुढे लागणाऱ्या 'आर्गव्ही'च्या ओळींचीही प्रत काढा. पर्याय वाचणारा कोड अनेकदा मूळ ओळीकडेच बोट दाखवणारे पॉइंटर जपून ठेवतो.
4. जीलिबसीचे (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) 'प्रोग्रॅम_इन्व्होकेशन_नेम' आणि त्याचं छोटं भावंड हे दोन पॉइंटरही मूळ 'आर्गव्ही[0]'मध्येच असतात. त्यांचीही प्रत करा, नाहीतर एरर मेसेजच्या सुरुवातीला प्रोग्रॅमच्या नावाऐवजी शीर्षकाचे तुकडे छापले जातील. ही पायरी बहुतेक जण विसरतात.
5. शीर्षक 'एसएनप्रिंटएफ'ने जागेच्या लांबीत बसवून लिहा आणि उरलेला भाग शून्य बाइटने भरा. न भरल्यास जुन्या कमांड लाइनचं शेपूट नव्या शीर्षकामागे लोंबतं.

आर्ग्युमेंटच्या जागेचा शेवटचा बाइट शून्य नसेल तर कर्नल समजून घेतो की इथे शीर्षक लिहिलं आहे, आणि एन्व्हायर्नमेंटच्या जागेत पहिला शून्य बाइट सापडेपर्यंत वाचतो. लांब शीर्षक दिसतं ते यामुळेच.

हे सगळं हाताने लिहिण्यापेक्षा 'लिबबीएसडी' ही लायब्ररी घ्या. तिच्यात 'सेटप्रॉकटायटल' आहे, आणि त्याआधी 'मेन'मध्ये 'सेटप्रॉकटायटल_इनिट' बोलवायचं असतं. ते विसरलं तर शीर्षक बदलतच नाही. जीलिबसीमध्ये हे फंक्शन नाही.

याचा काही तोटा?

'/प्रोक/पीआयडी/एन्व्हायरन' निकामी होतं, कारण कर्नल ती फाइल मूळ जागेवरूनच वाचतो आणि तिथे आता शीर्षक आहे. प्रोग्रॅमचं स्वतःचं एन्व्हायर्नमेंट हीपवर शाबूत असतं, पण बाहेरून पाहणाऱ्याला कचरा दिसतो. अडचण शोधताना तुमची टीम ही फाइल पाहत असेल तर तिला आधी सांगून ठेवा.

'पीआरसीटीएल'चा 'पीआर_सेट_एमएम' हा मार्गही आहे, त्यात कर्नललाच नवी जागा सांगता येते. पण त्याचे आर्ग्युमेंटची जागा हलवणारे पर्याय सुरुवातीपासून 'कॅप_सिस_रिसोर्स' ही क्षमता मागतात. फक्त नावासाठी सर्व्हिसला एवढा अधिकार देणं आम्हाला पटत नाही.

पायथनमध्ये?

'सेटप्रॉकटायटल' नावाचं पॅकेज 'पिप'ने बसवा आणि त्याच नावाचं फंक्शन वर्करच्या सुरुवातीला बोलवा. लिनक्सवर ते लांब शीर्षक आणि छोटं नाव दोन्ही बदलतं, त्यामुळे शीर्षकाची पहिली 15 अक्षरं विचार करून लिहा. फक्त थ्रेडचं नाव हवं असेल तर त्यातच 'सेटथ्रेडटायटल' आहे. एन्व्हायर्नमेंटच्या जागेला हात लावू द्यायचा नसेल तर प्रोग्रॅम सुरू करण्याआधी 'एसपीटी_नोएन्व्ह' हे व्हेरिएबल लावा. मग शीर्षक मूळ कमांड लाइनच्या लांबीतच बसवलं जातं.

गनिकॉर्न (पायथनचा वेब सर्व्हर) वापरत असाल तर हे पॅकेज बसवून '--नेम' पर्याय दिला तरी पुरतं, मास्टर आणि वर्कर आपोआप नावं घेतात. पॅकेज नसेल तर गनिकॉर्न गप्प राहतो.

इतर भाषा?

पर्ल आणि रुबीमध्ये '$0'ला नवी किंमत द्या. पर्ल 5.14 पासून लिनक्सवर छोटं नावही त्यासोबत बदलतं. रुबीत 2.1 पासून 'प्रोसेस.सेटप्रॉकटायटल' आहे. पीएचपीत 5.5 पासून 'सीएलआय_सेट_प्रोसेस_टायटल' मिळतं, पण फक्त कमांड लाइनवर. नोडमध्ये 'प्रोसेस.टायटल' आहे, तिथे लांबी मूळ कमांड लाइनइतकीच मिळते. लांब हवं असेल तर सुरू करतानाच एखादं जास्तीचं आर्ग्युमेंट द्या.

गोमध्ये जरा जपून. गोरुटीन (गोमधलं एकाच वेळी चालणारं छोटं काम) एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जात असते, म्हणून 'पीआरसीटीएल'ने भलत्याच थ्रेडचं नाव बदलू शकतं. तिथे '/प्रोक/सेल्फ/कॉम'मध्ये लिहिणंच बरं.

कोडला हात न लावता होईल का?

सिमलिंक (मूळ फाइलकडे नेणारं दुसरं नाव) करा आणि त्यातून प्रोग्रॅम चालवा. छोटं नाव चालवलेल्या फाइलच्या नावावरून ठरतं, त्यामुळे सिमलिंकचं नाव दिसतं. स्क्रिप्ट थेट चालवली, म्हणजे पहिल्या ओळीतल्या शेबँगच्या ('#!') जोरावर, तर स्क्रिप्टचं नाव दिसतं. 'पायथन3 भाव.पीवाय' असं चालवलं तर 'पायथन3' दिसतं. पुष्कळांचं काम एवढ्यावरच भागतं.

बॅशमध्ये 'एक्झेक -ए नवंनाव प्रोग्रॅम' आहे, सिस्टमडीमध्ये (सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) 'एक्झेकस्टार्ट'च्या पाथआधी '@' लावून पुढचा शब्द नाव म्हणून देता येतो. हे दोन्ही फक्त 'आर्गव्ही[0]' बदलतात, छोटं नाव तसंच राहतं. बिझीबॉक्ससारखे (अनेक कमांड एकाच फाइलमध्ये असलेले) प्रोग्रॅम 'आर्गव्ही[0]' पाहूनच कोणतं काम करायचं ते ठरवतात, त्यांना हे लावलं तर ते चालणारच नाहीत. पायथनही स्वतःची जागा शोधायला 'आर्गव्ही[0]'चा आधार घेतो, म्हणून व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनला 'एक्झेक -ए' लावू नका. पॅकेजेस सापडत नाहीत अशी एरर येते आणि मूळ कारण कोणाच्या डोक्यात येत नाही.

बॅश स्क्रिप्टला आतूनच नाव बदलायचं असेल तर 'प्रिंटएफ'ने '/प्रोक/$$/कॉम'मध्ये लिहा. 'एको' नको, त्याचं शेवटचं नवओळीचं चिन्ह नावात शिरतं.

दुसऱ्या चालू प्रोसेसचं नाव बाहेरून बदलता येतं का?

सरळ मार्गाने नाही. तिच्या 'कॉम' फाइलची परवानगी पाहून वाटतं की लिहिता येईल, पण कर्नल फक्त त्याच प्रोसेसच्या थ्रेडना लिहू देतो. इतरांना, अगदी रूटलाही, 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' मिळतं.

जीडीबी (डीबगर) जोडून आतून 'पीआरसीटीएल(15, नाव)' बोलवता येतं, 15 हा 'पीआर_सेट_नेम'चा आकडा. पण जोडलेलं असेपर्यंत सगळी प्रोसेस थांबते. लॉक धरलेल्या अवस्थेत थांबली तर तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं खोळंबतं. टेस्ट मशीनवर करून पाहा. लिलाव चालू असताना भावाच्या सर्व्हरवर हे करू नका, वर्कर नव्या नावाने रीस्टार्ट करणं कितीतरी स्वस्त.

फोर्क आणि एक्झेकनंतर नावाचं काय होतं?

फोर्क केल्यावर, म्हणजे प्रोसेसने स्वतःची प्रत काढल्यावर, मुलाला आईचंच नाव मिळतं. म्हणून प्रत्येक वर्करने फोर्कनंतर स्वतःचं नाव लावायचं, नाहीतर सगळेच 'मास्टर' दिसतात. एक्झेक केलं, म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्रॅम चढवला, की दोन्ही नावं नव्याने ठरतात, आधीचं पुसलं जातं.

नाव बदलल्यावर आमच्या स्क्रिप्ट बंद पडतील का?

नावावर अवलंबून असतील तर हो. 'पायथन3' नावाच्या प्रोसेस मोजणारा झॅबिक्सचा (मॉनिटरिंग प्रोग्रॅम) आयटम दुसऱ्या दिवशी शून्य दाखवेल आणि अलार्म वाजेल. 'पीग्रेप'ला 15 पेक्षा लांब नाव दिलं तर काहीच सापडत नाही, पूर्ण कमांड लाइनमध्ये शोधायला '-एफ' लागतो. पण '-एफ' शीर्षकातल्या कुठल्याही शब्दाला जुळतो. 'पीकिल -एफ लासलगाव' म्हटलं, तर लासलगावची लॉग फाइल संपादकात उघडून बसलेल्या सहकाऱ्याचा संपादकही बंद होतो.

सर्व्हिस थांबवायला 'सिस्टमसीटीएल स्टॉप' वापरा. तो नाव पाहत नाही, सीग्रुप पाहतो. सिस्टमडी नसेल तर पीआयडी फाइल ठेवा आणि मारण्याआधी '/प्रोक/पीआयडी/एक्सई' आपल्याच प्रोग्रॅमकडे जातं का ते तपासा.

'/प्रोक/पीआयडी/स्टॅट' वाचणाऱ्या स्वतःच्या स्क्रिप्ट असतील तर त्याही पाहा. त्या ओळीत छोटं नाव कंसात असतं आणि नावात स्पेस किंवा कंस असू शकतो. ओळ स्पेसवर तोडली तर सगळे आकडे एक घर सरकतात. शेवटचा बंद कंस शोधून त्यापुढून वाचायचं, हीच योग्य रीत. कोअर फाइलच्या (प्रोग्रॅम कोसळल्यावर त्याच्या मेमरीची काढलेली प्रत) नावातलं '%ई'ही छोट्या नावावरूनच येतं.

कमांड लाइनवरचा पासवर्ड शीर्षकाने झाकला तर चालेल?

नाही. प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून शीर्षक लिहिलं जाईपर्यंत तो उघडाच असतो. त्या क्षणी 'पीएस' चालवणाऱ्याला तो दिसतो, ऑडिट लॉगमध्ये जातो आणि शेलच्या हिस्टरीत कायम राहतो. पासवर्ड फाइलमधून घ्या आणि फाइलची परवानगी 600 ठेवा.

शीर्षकात काय लिहिता त्याचाही विचार करा. ते मशीनवरच्या प्रत्येक युजरला दिसतं, '/प्रोक' 'हाइडपिड=2'ने माउंट केलेलं नसेल तर. शेतकऱ्याचं नाव किंवा मोबाइल नंबर तिथे कधीही टाकू नका. बाहेरून आलेला मजकूर 'सेटप्रॉकटायटल'ला फॉरमॅट म्हणून देऊ नका, '%एस'मधूनच द्या, आणि त्यातली नियंत्रण चिन्हं आधी काढा. कोणी 'कॅट'ने ती फाइल पाहिली तर ती चिन्हं थेट त्याच्या टर्मिनलवर जातात.

खोट्या नावाची प्रोसेस कशी ओळखायची?

घुसखोर प्रोग्रॅम '[केवर्कर/0:1]' असं चौकटी कंसातलं नाव घेऊन कर्नल थ्रेडसारखे दिसतात. खऱ्या कर्नल थ्रेडचा पालक पीआयडी 2 असतो आणि त्याची 'सीएमडीलाइन' रिकामी असते. 'रीडलिंक /प्रोक/पीआयडी/एक्सई' रूट म्हणून चालवा. कंसातल्या नावामागे '/टीएमपी'मधली फाइल निघाली किंवा पाथपुढे 'डिलीटेड' असं आलं, तर मशीन नेटवर्कवरून काढा आणि मगच पुढचा तपास करा.

विंडोज आणि बीएसडीवर?

फ्रीबीएसडी, ओपनबीएसडीवर 'सेटप्रॉकटायटल' मूळ लायब्ररीतच आहे, 'इनिट' लागत नाही. शीर्षकाआधी प्रोग्रॅमचं नाव आपोआप जोडलं जातं, ते नको असेल तर फॉरमॅटची सुरुवात आडव्या रेघेने करा. विंडोजवर टास्क मॅनेजरमधलं नाव एक्सई फाइलवरून येतं आणि चालू असताना बदलत नाही. तिथे प्रत्येक कामासाठी वेगळी सर्व्हिस नोंदवा आणि थ्रेडसाठी 'सेटथ्रेडडिस्क्रिप्शन' वापरा.